डेनिसरावांच्या छपरावरची निळी ताडपत्री

भाऊ कोणाच्याही घरात शिरले की आधी भिंत ठोकून बघतात. चपला काढायच्या, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, दारालगतच्या भिंतीवर तीन ठोके मारायचे, कान लावायचा आणि मग निकाल सांगायचा. निकाल लागल्याशिवाय पाण्याच्या पेल्याला हात लावत नाहीत. लग्नाची बोलणी करायला ते पुण्याला आमच्या घरी आले तेव्हाही त्यांनी आधी आमच्या बैठकीची भिंत ठोकली आणि म्हणाले, "नऊ इंची हाय. पसंत." माझ्या आईला वाटलं, मुलगी पसंत पडली. तिने लगेच आत जाऊन साखर आणली.

दिनकरराव, म्हणजे भाऊ, माझे सासरे. कराडजवळचे. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाले तरी खिशातली टेप काही निवृत्त झाली नाही. देव्हाऱ्यात देव बरेच असले तरी त्यांची खरी श्रद्धा एकाच गोष्टीवर, ती म्हणजे स्लॅब. "छप्पर म्हंजे लाचारी, पत्रा म्हंजे तडजोड, स्लॅब म्हंजे मानूस," हे त्यांचं ब्रीदवाक्य. आपल्या लहानपणाबद्दल ते कधी बोलत नसत. त्यांची कुठलीही गोष्ट "आपला बंगला बांधला तेव्हा" इथूनच सुरू व्हायची, जणू ते जन्माला आले तेच मुळी बंगल्याच्या प्लिंथवर.

२०२० च्या फेब्रुवारीत ते आमच्याकडे आयर्लंडमध्ये लिमरिकला आले, दोन महिन्यांसाठी. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे एकटेच. आमच्या भाड्याच्या घरात शिरले, चपला काढल्या आणि ठोकली भिंत. टक टक टक. पुन्हा ठोकली. मग त्यांनी माझ्या नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो परीक्षेत नापास झालाय आणि प्रगतिपुस्तक लपवून बसलाय.

"समीर, हा पुठ्ठा हाय. तू खोक्यात राहतोयस व्हय रं?"

इथल्या नव्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर पातळ फळ्या ठोकून करतात, हे समीरने परोपरीने समजावलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि माडीवर झोपायला साफ नकार दिला. माडीची जमीन लाकडाची, पाय टाकला की करकरते. आठवडाभर ते खाली सोफ्यावर झोपले. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, माडी पडली तर खालचा माणूस चेंगरतो. वरचा नुसता घसरतो." त्यांनी क्षणभर विचार केला, उशी उचलली आणि वर गेले.

मग टाळेबंदी आली आणि दोन महिन्यांच्या पाहुण्याचा मुक्काम बेमुदत झाला. समीर हॉस्पिटलात, त्याच्या ड्यूट्यांना सुमार नाही. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर मीटिंगांत. भाऊंशी बोलायला कोणी नाही. दोन दिवसांत त्यांनी घरातली प्रत्येक खिडकी मोजली. तिसऱ्या दिवशी माझ्या मीटिंगमध्ये मागून त्यांचा आवाज आला, "सूनबाई, या घराला एक भिंत काटकोनात असंल तर दाव." माझा मॅनेजर म्हणाला, सगळं ठीक ना?

घरापासून दोन किलोमीटरपर्यंत फिरायला परवानगी होती. सत्तरीच्या पुढच्यांनी मात्र घरातच राहायचं. भाऊ शाळेच्या दाखल्याप्रमाणे एकोणसत्तर आणि त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे बहात्तर. "सरकारी काम हाय, दाखलाच धरायचा," असं म्हणून ते रोज सकाळी मफलर बांधून बाहेर पडू लागले. आमच्या वसाहतीमागून एक अरुंद रस्ता शेतांकडे जातो. त्याच्या टोकाला, पावलांनी मोजलं तर दोन किलोमीटरला थोडं कमी, असं एक घर होतं. पहिल्या दिवशी भाऊ तिथून परतले ते हात मागे बांधून, गंभीर होऊन.

"सूनबाई, एवढा पुढारलेला देश. आनि मानूस गवताच्या छपरात राहतोय. एकटा. म्हातारा."

ते डेनिसचं घर. आयर्लंडच्या पोस्टकार्डांवर असतं तसलं: बुटकं, लांबट, एका खोलीच्या रुंदीचं, चुन्याने पांढरंशुभ्र केलेलं, लाल रंगाचं कमरेएवढं अर्धं दार, आणि वर पेंढ्याचं जाड छप्पर, कपाळावर ओढलेल्या टोपीसारखं. अशी घरं जपावीत म्हणून सरकार त्यांची नोंद ठेवतं, लोक लांबून फोटो काढायला येतात. भाऊंना हे कुठून माहीत असणार? त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून कच्च्या घरांच्या याद्या केलेल्या. त्यांनी डेनिसचं नाव मनातल्या यादीत पहिल्या नंबरावर घातलं. आवारात भलामोठा ट्रॅक्टर उभा होता, मागे साठ गाई चरत होत्या. भाऊंनी ठरवलं की ते सगळं मालकाचं असणार आणि डेनिस बिचारा सालगडी.

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत डाळ, तांदूळ आणि समीरचा एक बरा स्वेटर घेऊन गेले. मला म्हणाले, फिरायला चाललोय. मी मीटिंगमध्ये होते, मान हलवली. परत आले ते अंडी घेऊन. मी विचारलं तर म्हणाले, "डेनिसरावांनी दिली. गरीब मानूस, पन मन मोठं."

डेनिस सत्त्याहत्तर वर्षांचा, अविवाहित, कानाने जरा कमी. ते दोघं बोलत कसे, हे मला आजही पुरतं कळलेलं नाही. भाऊंचं इंग्रजी सगळं टेंडरातलं. डेनिसचं इंग्रजी इथल्या खेड्यातलं, तसलं समजायला मलाच तीन वर्षं लागली. पण भाऊंनी अर्ध्या दारापासून टेपने बरोबर दोन मीटर अंतर मोजलं, तिथे एक दगड ठेवला आणि त्यावर बैठक मारली. डेनिस दाराच्या खालच्या फळीवर कोपरं टेकून उभा. डेनिस हात हलवून सांगायचा आणि भाऊ घरी येऊन मला सांगायचे. भिंत तीन फूट जाड, दगड आणि माती. खिडक्या लहान, कारण ऊब बाहेर जायला नको. दार वाऱ्याकडे पाठ करून. अर्धं दार कोंबड्या बाहेर आणि उजेड आत राहावा म्हणून. भिंत तर भाऊंनी पहिल्याच दिवशी ठोकली होती. "काय सांगू, आवाजच न्हाई. हत्ती धडकला तरी हलनार न्हाई. पन डोक्यावर काय? गवत! अंगात शेरवानी आनि डोक्याला फडकं."

त्या फडक्याला मागच्या बाजूला भोक पडलं होतं. पक्ष्यांनी पेंढा उपसलेला, पाऊस आला की आतल्या खोलीत बादली लावावी लागायची. छप्पर शाकारणारा कारागीर, कॉन नावाचा, एप्रिलमध्ये येणार होता, पण तो शेजारच्या परगण्यात अडकला. आणि डेनिसची भाची, जी तिकडे डून लेरीला समुद्राकाठच्या फ्लॅटमध्ये राहते, तिने फोनवर बजावलं होतं की हिवाळ्याआधी छप्पर नीट झालं नाही तर मामाला ती आपल्याकडे नेणार. डेनिस त्या घरात जन्मलेला. "मला समुद्राकडे तोंड करून बसवणार," असं तो म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा पार उतरायचा. भाऊंना शब्द कळले नसतील, चेहरा कळला.

एका रविवारी मला सुट्टी होती म्हणून मी भाऊंबरोबर फिरायला गेले. वळण घेतलं आणि मी जागीच थांबले. डेनिसच्या घराच्या मागच्या अख्ख्या छपरावर निळीशार ताडपत्री. आमच्याच शेडमधली. तिच्यावर जुने टायर, एका दोरीला दोन, एक इकडे एक तिकडे, म्हशीच्या पाठीवर पखाल टाकावी तसे. धुराडं तेवढं मोकळं ठेवलेलं.

"भाऊ, हे काय?"

"तीन आठवडं झालं. डेनिसराव रेडिओवर प्रार्थना ऐकत बसलं हुतं, तवर मागच्या बांधावर उभा राहून दोरी भिरकावली. टायर शेतातलंच. एक थेंब आत येत न्हाई आता. रोज येऊन दोऱ्या तानतो." आणि डेनिसकडे वळून मोठ्याने, "सर! नो लीकेज! फुल्ल वॉटरप्रूफ!"

"ग्रँड," डेनिस अर्ध्या दारातून म्हणाला. इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक आहे'. "एकदम ग्रँड."

मी घरी येऊन इंटरनेटवर वाचलं आणि डोक्याला हात लावला. पेंढ्याच्या छपरावर प्लास्टिक टाकून ठेवू नये. त्यातून वाफ बाहेर पडावी लागते, हवा खेळावी लागते, नाहीतर ते आतून कुजतं. मी भाऊंना सांगितलं. ते हसले. "छपराला कसला आलाय श्वास? योगासनं करतंय काय ते?" मी डेनिसला फोन करून माफी मागितली आणि म्हटलं, आजच्या आज काढायला लावते. तो म्हणाला, राहू दे, ग्रँड आहे, घाई काय. मला वाटलं, इथले लोक शिष्टाचारापायी घर कुजवतील पण नाही म्हणणार नाहीत.

नियम सैल झाले आणि कॉन आला. लालबुंद चेहऱ्याचा, मोजकं बोलणारा माणूस. मीही गेले होते, दुभाषी आणि आरोपीची नातेवाईक अशा दुहेरी नात्याने. कॉनने टायर ओढले, ताडपत्रीचं टोक धरलं आणि सरकन उचललं. आतून चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढावं तशी वाफ आली. पेंढा काळा, ओला, आणि त्यावर पांढऱ्या आळंब्यांच्या ओळीच्या ओळी.

"अगं, आळंबी!" भाऊ हरखले. "भाजी हुईल."

कॉनने भाऊंकडे पाहिलं आणि भाऊंनी भाजीचा विषय सोडला. एका भोकाचं काम होतं, ते आता मागच्या अख्ख्या उताराचं झालं होतं. कॉनचा मदतनीस काम सोडून गेलेला. एकट्याने हिवाळ्याआधी उरकणं अवघड, असं तो म्हणाला. मग डेनिसवर ओरडला: या परदेशी माणसाला माहीत नव्हतं, ठीक आहे. पण तू? सत्त्याहत्तर वर्षं या छपराखाली राहिलास, तुला कळत नव्हतं ते कुजतंय? काढली का नाहीस?

डेनिसने टोपी काढली, परत घातली. "काढली असती," तो म्हणाला, "तर हा माणूस रोज बघायला कशाला आला असता?"

"काय म्हनलं?" भाऊंनी विचारलं.

मी सांगितलं. सहा आठवड्यांत डेनिसच्या दारात रोज थांबणारं भाऊंशिवाय दुसरं कोणी नव्हतं. भाऊ त्या वाफाळत्या छपराकडे बघत उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडे निकाल तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मफलर न बांधता गेले. बाही सरसावून कॉनसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सर, माय मिस्टेक. आय लेबर." कॉनने त्यांना कटवायचं म्हणून पेंढ्याची दोरी वळायला दिली. त्याला वाटलं, हा म्हातारा दहा मिनिटांत कंटाळेल. भाऊ खाली बसले, पेंढ्याची चूड पायाच्या अंगठ्यात धरली आणि तळव्यांमध्ये वळायला लागले. सरसर दोरी बाहेर पडू लागली, एकसारखी, ताणून बघितली तरी तुटेना. कॉन शिडीवरून उतरून खाली आला. मीही बघत राहिले. स्लॅबच्या माणसाला हे कुठून येतं?

"आमचं छप्परच हुतं," भाऊ मान वर न करता म्हणाले. "उसाच्या पाल्याचं. दरसाल बा शाकारायचा, मी खालून पेंड्या फेकायचो. दोरी मीच वळायचो. समीरला ठावं न्हाई. कुनालाच सांगितलं न्हाई. शाळंत पोरं छपऱ्या म्हनायची." मग जरा थांबून, "पह्यल्या पगारात छप्पर उतरवून पत्रा घातला. बा रडला हुता. मला वाटलं, आनंदानं रडतोय."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मीही खाली बसले आणि एक दोरी वळून पाहिली. ती लगेच उसवली. भाऊंनी ती हातात घेऊन तपासली आणि म्हणाले, "पुठ्ठा."

पुढे सगळा उन्हाळा ते कामावर गेले, डबा घेऊन. घरी येऊन मला धडे. आधी गवताची मुळांसकट कापलेली ढेपळं, त्यावर पेंढा, आणि तो टोचून बसवायला हेझल नावाच्या झुडपाच्या काटक्या, केसातल्या आकड्यासारख्या वाकवलेल्या. एक खिळा नाही. जुना थर चांगला असेल तर काढत नाहीत, नवा त्यावरच चढतो, त्यामुळे सगळ्यात खालचा थर डेनिसच्या पणजोबाच्या वेळचा, धुराने काळा झालेला. "म्हंजे चार पिढ्या वरच बसल्यात. आपल्या स्लॅबवर काय असतंय? पान्याची टाकी!" जो माणूस मार्चमध्ये स्लॅबची शपथ घ्यायचा, तो ऑगस्टमध्ये स्लॅबची टिंगल करत होता. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "त्यास्नी ताप आलाय का बघ."

नेमकं तेव्हाच परतीच्या खास विमानात जागा मिळाली, पुढच्या रविवारची. छपराच्या शेंड्याचं काम, जिथे दोन्ही उतार मिळतात ते, अजून बाकी होतं. तेवढं राहिलं तर सगळा पाऊस तिथूनच आत. भाऊ म्हणाले, जाणार नाही. समीर कधी नव्हे तो चिडला. "भाऊ, पुन्हा जागा कधी मिळेल माहीत नाही. आई तिकडे एकटी आहे." भाऊंनी सरळ सासूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, ताडपत्री, आळंबी, डेनिसची भाची, सगळं. मग सासूबाई म्हणाल्या, "घान तुमीच केली न्हवं? मग निस्तरून या."

विमान भाऊंना न घेता गेलं. सप्टेंबरात शेंडा पुरा झाला. कॉनने खाली वळचणीला मुद्दाम एक जागा राखली होती; शेवटची पेंडी त्याने भाऊंच्या हातात दिली आणि बांधावर उभं राहून त्यांनीच ती तिथे बसवली. भाची डून लेरीहून बघायला आली, आतल्या खोलीत गेली, छताला हात लावून कोरडं आहे का पाहिलं आणि मामाला न घेता परत गेली. डेनिसने त्या दिवशी भाऊंना पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसवलं. "मालक रागावनार न्हाई ना?" भाऊंनी मला विचारलं. तेव्हा कुठे मी त्यांना सांगितलं की मालक तोच. भाऊ ट्रॅक्टरवरून साठ गाईंकडे बघत राहिले. "आनि मी त्याला समीरचा वापरलेला स्वेटर दिला," ते म्हणाले. डेनिसने तो स्वेटर तेव्हाही घातलेला होता.

ऑक्टोबरात भाऊ भारतात परतले. जाताना त्यांनी डेनिसच्या भिंतीवर तीन ठोके मारले. आतून डेनिसने तीन मारले. अर्थात एवढ्या जाड भिंतीतून कोणालाच काही ऐकू आलं नाही.

कराडला गेल्यावर त्यांनी बंगल्यामागच्या परसात एक खोली बांधली. मातीची जाड भिंत, चुना, लाल अर्धं दार, वर उसाच्या पाल्याचं छप्पर. दुपारभर तिथे बसू लागले. सासूबाई म्हणायच्या, "बंगला सोडून गोठ्यात बसत्यात." गल्लीत दुसरीच बातमी पसरली, की परदेशातून आल्यापासून दिनकररावांची दशा वाईट आहे, पोराने वाऱ्यावर सोडलं, म्हातारा छपरात दिवस काढतोय.

२०२१ च्या जुलैत त्यांचा फोन आला. व्हिडिओवर आधी त्यांचा चेहरा, मग फोन फिरला आणि मला ती खोली दिसली. छपरावर निळीशार ताडपत्री. वर टायर.

"गल्लीतली तिघं आली हुती," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "मी झोपलो हुतो तवर टाकून गेली."

"अहो भाऊ, मग काढून टाका! आतून सडेल ना!"

"सडंल की. मला शिकवतीस व्हय?"

"मग?"

भाऊ अर्ध्या दारावर कोपरं टेकून उभे होते. "सूनबाई, एप्रिलात कोरोनाची दुसरी लाट आली तवापासनं गल्लीत कुनी कुनाच्या दारात गेलं न्हाई. बोलायचं तर सोडच. आता ही तिघं रोज येत्यात. दोऱ्या तानत्यात, दगडावर बसत्यात, च्या पित्यात." मागून कोणीतरी हाक मारली तशी त्यांनी वळून मोठ्याने सांगितलं, "एकदम ग्रँड हाय!" आणि मग मला म्हणाले, "कशी काढू? तूच सांग."